भुऱ्याचं मूळ

भुऱ्याला बागेत नेलं की बाकावरची मंडळी त्याचं मूळ शोधायला बसतात. आज समोरच्या इमारतीतल्या काकांनी त्याचा जबडा उघडून जीभ पाहिली, कान उलटे केले, पंजा तळहातावर तोलून बघितला. "कान लॅब्रॅडॉरचे आहेत, शेपूट मात्र गावठी," ते म्हणाले. शेजारच्या काकूंना ते पटलं नाही. "छे हो, डोळे बघा की! आई नक्की चांगल्या घरातली असणार." सगळे हसले. भुऱ्याला वाटलं, आपले लाड चाललेत. तो आणखी जवळ सरकला.

मंडईमागून उचलून आणला तेव्हा तो थरथरत होता, एवढंच मला माहीत आहे. त्याच्या आईबापांवाचून आमचं आजवर काही अडलेलं नाही. पण काकांची ती बोटं माझ्या ओळखीची होती. भाड्याचं घर बघताना, लेकीच्या शाळेत, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी माझी बोली, माझा रंग, माझा डबा असाच चाचपून पाहिला आहे. तेही हसतमुखानं, चहाचा कप पुढे करत.

"थोडं तरी चांगलं रक्त आहे हो याच्यात," काकांनी अखेर निकाल दिला आणि भुऱ्याला थोपटलं. मग माझ्याकडे वळून तितक्याच मायेनं विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या? आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव सांगितलंच नव्हतं. भुऱ्या त्यांचा हात चाटत होता. मी त्याची साखळी ओढली, जरा जोरातच.