बसायला येणाऱ्या सुनंदाताई

ज्या घरातलं मूल नुकतंच गेलंय, त्या घरातून उठताना सुनंदाताई खणखणीत आवाजात म्हणायच्या, "येते हं. सोमवारी येते."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच. मी मिरजेची. पण ही रीत आमच्याकडे आणि कोकणात एकच आहे. दुखवट्याच्या घरी भेटायला गेलं की निघताना 'येते' म्हणायचं नाही आणि घरच्यांनीही 'या' म्हणायचं नाही. अशा कारणाने पुन्हा यायची वेळ येऊ नये, म्हणून. मुकाट्याने चप्पल शोधायची आणि चालू लागायचं. आणि ही बाई चक्क वार सांगून येते म्हणत होती! रिक्षात बसल्या बसल्या मी म्हटलं, "ताई, असं म्हणतं का कोणी?"

"मी म्हणते गो," त्या पदराने घाम टिपत म्हणाल्या. "पोर होतं तोवर आपण ह्यांच्याकडे येते, येते करत होतो. आता पोर गेलं आणि आपणही न बोलता उठलो, तर त्या आईला काय वाटेल? पोराबरोबर सगळीच गेली."

रत्नागिरीहून पावसकडे जाताना, रस्त्यापासून जरा आत, आमचं केंद्र आहे. बऱ्या न होणाऱ्या आजारांची मुलं तिथे असतात. मी तिथे नर्स. मूल असेपर्यंत काम आमचं, आणि मूल गेल्यानंतरचं काम सुनंदाताईंचं. त्याच्या आईबापांच्या घरी त्यांनी जात राहायचं. त्यांच्या हुद्द्याला एक लांबलचक नाव होतं, ते त्यांना शेवटपर्यंत पाठ झालं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "माझी बसायची नोकरी आहे."

आणि खरंच, त्या बसायच्याच. अंगाने चांगल्या भरलेल्या, त्यामुळे एकदा टेकल्या की लवकर उठायच्या नाहीत. दुखवट्याच्या घरी लोक पाणीसुद्धा घ्यायला बिचकतात, तिथे ह्या बिनधास्त सांगायच्या, "चहा टाक गो." मला नंतर समजावलं, "तेवढ्यासाठी तरी ती जागची उठते." मग घरात जे काम चालू असेल ते पुढ्यात ओढायच्या. काजू फोडायचे असोत नाहीतर सुकट निवडायची असो. पोराबद्दल विचारायच्या आणि ऐकत राहायच्या. धीराचं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. "काय बोलायचं ते मला ठाऊक नाही," त्या म्हणायच्या, "आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांची मला धास्ती वाटते." एका शेजारणीने एका आईला सांगितलं, वय आहे अजून, दुसरं होईल. ताई फाडकन म्हणाल्या, "होईल की. पण हेच होईल काय?"

तशा त्या काही देवमाणूस वगैरे नव्हत्या. जेवायला उशीर झाला की सगळ्यांवर भडकायच्या, परतीच्या वाटेवर रिक्षात घोरायच्या, आणि एकदा मनात घेतलं की कोणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. आता गुडघ्यांनी दगा दिलाय म्हणून गुहागरला मुलीकडे असतात. फोनवर अजून माझ्यावर डाफरतात, आणि मला ते फार बरं वाटतं.

त्यांचं ते 'येते हं' एकदा मात्र अंगाशी आलं.

ओंकार नावाचा सात वर्षांचा मुलगा आमच्याकडे असायचा. त्याच्या अंगातली ताकद हळूहळू संपत चालली होती. आई प्रियांका, वडील नीलेश मुंबईला कामाला, धाकटी बहीण तीन वर्षांची, आणि आजी, नीलेशची आई. पावसच्या पुढे एका गावात घर. ओंकार गेल्यावर ताई मला घेऊन पहिल्यांदा त्यांच्याकडे गेल्या आणि सवयीने उठताना म्हणाल्या, "येते हं."

आजी ताडकन उठली. "काय बोललीस? परत येतेस? घरात अजून एक बारका जीव हाय माझ्या! दारात परत पाय ठेवू नको."

रिक्षात त्या दिवशी ताई घोरल्याही नाहीत. "त्या म्हातारीचं काय चुकलं?" एवढंच म्हणाल्या.

पण प्रियांकाला वाऱ्यावर सोडण्यासारखी परिस्थिती नव्हती. नीलेशचे मुंबईहून फोन यायचे. ती बोलत नाही. जेवली तर जेवली. मुलीला जवळ घेत नाही. माझ्या आईने ओंकारचे कपडे, फोटो, सगळं माळ्यावर टाकलंय आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही अशी ताकीद दिलीय. डॉक्टरांनी प्रियांकाला तपासायला बोलावलं, तर सासूने पाठवलं नाही. ही मुलगी जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, अशी आम्हा सगळ्यांना भीती वाटत होती, आणि त्या घरात जाऊ शकणारं एकच माणूस त्या घराला नको होतं.

सोमवार आला. ताई निघाल्या. मी म्हटलं, "अहो, दारात पाय ठेवू नका म्हणाली ना?"

"ठेवत नाही. गडगा दाराच्या बाहेर आहे."

आणि खरोखर, घरापुढच्या त्या चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीवर, गडग्यावर, त्या जाऊन बसल्या. मे महिना होता. आजी खळ्यात, म्हणजे अंगणात, रातांबे फोडत होती. बिया एकीकडे, सालं आमसुलांसाठी उन्हात. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. ताई बसल्या, वेळ झाल्यावर एक शब्द न बोलता, रीतीप्रमाणे, उठून आल्या. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी आजीने एक पाट खळ्यात आपटला. "बसलीच हायेस तर हात चालव."

नंतरच्या खेपेला मीही गेले. केंद्राने दिलेली ओंकारची चाकांची खुर्ची परत आणायची होती. दोघी समोरासमोर रातांबे फोडत होत्या, हात कोपरापर्यंत लाल.

"बसायचा पगार मिळतो काय गो तुला?" आजीने विचारलं.

"मिळतो."

"बरा हाय." आजीने चार रातांबे फोडले. "सुनेला काय इचारणार होतीस तू?"

"पोराबद्दलच. काय खायचा, कशाला हसायचा, कोणावर रुसायचा."

"इचारून काय होनार?"

"काय नाय होणार," ताई म्हणाल्या. "पण कोणीतरी विचारायला हवं."

आजीचा हात थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला कुणी इचारला नाय." तिने पुढचा रातांबा उचलला. "नीलेशच्या आधी एक होता माझा. पयला. तापात गेला. सगळी बोलली, नाव काढू नको, पाठच्याला बाधतं. नाय काढला. नीलेशला पण म्हाईत नाय."

"आई, काय नाव होतं त्याचं?"

आवाज इतका बसका होता की कोणाचा ते मला आधी कळलंच नाही. प्रियांका दारात उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

आजी म्हणाली, "अनंता." म्हणाली आणि घाबरून घरात खेळणाऱ्या नातीकडे पाहिलं. नात आपली भातुकलीत होती. मग आजी सुनेकडे वळली. "तुझ्या ओंकारएवढाच होता गो."

प्रियांका होती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि ओंकार गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. आजी धडपडत तिच्याजवळ गेली. रातांब्याचे हात कुठे ठेवावेत तिला सुचेना, शेवटी तसेच सुनेच्या पाठीवर ठेवले. गाउनवर लाल पंजे उमटले. ते डाग धुऊन जात नाहीत. मी खुर्ची धरून उभ्या उभ्या रडत होते. ताई मान खाली घालून रातांबे फोडत राहिल्या.

दोन दिवसांनी प्रियांका सासूबरोबर केंद्रात आली आणि डॉक्टरांपुढे बसली. सावरायला तिला पुढे बराच काळ लागला, पण धास्ती गेली. त्याच दिवशी ताईंनी आठवड्याची आखणी बदलली. प्रियांकासाठी गुरुवार, सोमवार तिच्या सासूसाठी.

डॉक्टर जरा गोंधळले. "ताई, मूल गेल्यावर आपण त्या घरी एक वर्ष जातो. ह्या आजींचा मुलगा जाऊन चाळीस वर्षं तरी झाली असतील."

"झाली की," ताई म्हणाल्या. "पण तिचं वर्ष परवा सुरू झालं."