वन्संचं जवसपुराण

खारघरपासून सानपाड्यापर्यंत चाळिशी ओलांडलेली अशी एक बाई दाखवा, जिच्या पोटात माझ्या थोरल्या नणंदेचं जवस गेलेलं नाही. मी वन्संची थट्टा करणं आजपासून बंद करीन. अंगातून वाफा निघोत, झोप उडो की नवऱ्याचा नुसता आवाज नकोसा होवो, बायकांच्या सगळ्या तक्रारींवर वन्संकडे जवस, तीळ आणि सोयाबीन हेच औषध. केस अगदीच हट्टी असेल तर शतावरीचं चूर्ण. यांच्यात म्हणे आपल्या शरीरातल्या स्त्री-हार्मोनसारखं काहीतरी असतं. "डुप्लिकेट किल्ली समज," त्या सांगतात, "आपली झिजली की ही लावायची. दार सताड नाही उघडत, पण जरा वारा येतो." हे सोसायटीच्या लिफ्टमध्ये, चार पुरुषांच्या देखत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका प्लास्टिकचे डबे लुटतात. वन्संनी भाजलेल्या जवसाच्या पुड्या लुटल्या आणि वाण देताना प्रत्येकीला वय विचारलं. दोघीतिघी तिळगूळ न घेताच उठल्या. घरात पोळीलाही सोयाबीनचं पीठ. त्यांच्या यजमानांनी कुठूनसं ऐकलं, की सोयाबीननं पुरुष बायकी होतात. तेव्हापासून ते रोज आरशात मिशी चाचपतात. "विरळ वाटते का गं?" असं त्यांनी मला हळूच विचारलंसुद्धा. यावर वन्सं म्हणाल्या, "तळोज्याला उभा जन्म केमिकलच्या कारखान्यात काढला तेव्हा घाबरले नाहीत, आणि आता पोळीला घाबरतात."

मीही त्यांची गुणी पेशंट. पाळी थांबून वर्ष उलटलं होतं, तरी मागच्या दिवाळीनंतर अचानक अंगावरून जायला लागलं. मला वाटलं, शतावरी लागू पडली, तारुण्य परत आलं. मी कौतुकानं वन्संना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "साडी बदल. मी रिक्षा घेऊन येतेय."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पाळी गेल्यावर असं होणं कधीच अंगावर काढायचं नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला हवा. चटणीतलं जवस चालेल, पण चूर्णं आजपासून बंद. वन्संनी विचारलं, "माझ्यामुळं झालं का हो?" त्या म्हणाल्या, "ते आत्ता नाही सांगता येणार." रिपोर्ट येईपर्यंत वन्सं माझ्याकडेच राहिल्या. साधा वरणभात करायच्या आणि बोलायच्या नाहीत. मला कॅन्सरची भीती वाटत होती, आणि त्याहून त्यांच्या गप्प बसण्याची.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ होती, काढून टाकली. चूर्णाशी तिचा संबंध होता की नाही, हे काही डॉक्टरीणबाईंना छातीठोक सांगता आलं नाही. वन्सं दवाखान्यातच ढसाढसा रडल्या, आणि मग तिथल्या ओळखीपाळखी नसलेल्या सगळ्या बायकांना पेढे वाटले.

जवस अजून चालू आहे, यजमानांची मिशीही शाबूत आहे. पण आता खारघरला त्यांच्याकडे जेवायला गेलं, की वन्संचा चमचा माझ्या ताटावर येऊन थांबतो. "हे चालेल ना गं तुला?" त्या विचारतात. मी चालेल म्हणते. वाढा हो वन्सं, न विचारता वाढा, असं म्हणायचं दर वेळी ठरवते, आणि नुसतं ताट पुढे सरकवते.