मायाची बिननावाची मेंढी

मायाला मी पाहिलं त्याच्या आधी ऐकलं. दिवाळी होऊन गेली होती. आष्ट्याच्या अगदी कडेला आमचं घर, आणि परसाच्या तारेपलीकडे आकाराम पाटलांचं सोयाबीन निघालेलं मोकळं रान. मी कपडे वाळत घालत होते. रानातून कुणी मुलगी ठसक्यात रागावत होती, "ए गोंदिया, मागं फिर. तुझ्या नादानं भंडाराबी निघाली. नंदुरबार, तुला कडंला चालाय काय हुतंय गं?"

जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला, पण जिल्ह्यांना असं कुणी दटावलेलं मी ऐकलं नव्हतं. तारेजवळ जाऊन पाहिलं, तर मेंढरांचा कळप आणि मागे काठी आडवी खांद्यावर टाकलेली पंचविशीची पोरगी. अंगावर भावाचा असावा असा मोठा स्वेटर, पायांत धावण्याचे बूट. मी बघतेय म्हटल्यावर ती लाजली आणि गप्प झाली. गोंदिया मात्र सोयाबीनच्या धाटांतून पुढे गेलीच.

ही माणसं जतकडची. सिद्धू, त्याची बायको सुलाबाई आणि ही मुलगी माया. तिकडे पाणी आटलं की दरवर्षी ती कृष्णाकाठी उतरतात. इथले शेतकरी रिकाम्या रानात त्यांची मेंढरं बसवून घेतात. मेंढरं दोनचार दिवस रानात बसली की जमिनीला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं, आणि कळप पुढच्या रानात जातो. आकारामचं रान झालं की त्याच्या भावाचं, मग पलीकडच्या मळ्यातलं, असं करत हा कळप आमच्या आसपासच थंडी काढायचा.

दुसऱ्या दिवशी माया मोबाईल चार्जिंगला लावायला आली. पाणी दिलं, तर उंबऱ्याबाहेरच बसली. बोलता बोलता कळलं की ती पोलीस भरतीची तयारी करतेय. मागच्या भरतीत मैदानावर ती पुढच्या मुलींत होती. लेखीला मात्र सामान्य ज्ञानात गेली. येत नव्हतं असं नाही. हॉलचं दार लावलं, पंखा फिरायला लागला, पुढ्यात पेपर आला आणि सगळं पुसल्यासारखं झालं. हे सांगतानाही ती अंगठ्याने दुसऱ्या बोटाचं नख घासत होती. घाबरली की ती असंच करते, हे मला पुढे कळलं.

मेंढरांमागे चालत पुस्तक वाचता येत नाही. मोबाईल दुपारपर्यंत मरतो. म्हणून तिने एक युक्ती काढली होती. कळपातल्या एकेका मेंढीला तिने एकेक जिल्हा देऊन टाकला होता. त्या जिल्ह्याच्या नद्या, डोंगर, अभयारण्यं, धरणं, जे काही परीक्षेला विचारतात ते त्या मेंढीचं. ही माडग्याळी मेंढरं, नाकाची कमान फुगीर, अंगावर तांबूस डाग. मला सगळी सारखी दिसायची. तिला प्रत्येकीचं तोंड वेगळं होतं. संध्याकाळी वाघर लावली, म्हणजे दोरीच्या जाळ्याचं कुंपण उभं केलं, की एकेक मेंढी आत घेताना ती त्या जिल्ह्याचं सगळं म्हणून घ्यायची. मेंढरं आत आली की उजळणी झालेली असायची.

आकाराम बांधावरून हाक मारायचे, "काय गं, मेंढरं राखतीयास का मंत्रालय चालवतीयास?"

"मंत्रालय सोपं हाय तात्या," माया म्हणायची. "ते पळून जात न्हाई."

मी तिला रोज सकाळी प्रश्न विचारायला लागले. ती उत्तर द्यायची, पण त्याआधी मान वळवून रानाकडे बघायची. नजर कळपावरून फिरायची, एका ठिकाणी थांबायची, आणि मग उत्तर यायचं. एखाद्या दिवशी मेंढरं उसाच्या फडाआड असली की ती अडखळायची. मला थोडी काळजी वाटली. म्हटलं, हॉलमध्ये मेंढरं कुठून आणणार? ती म्हणाली की डोळे मिटले की दिसतात. सगळी असली म्हणजे झालं.

नावांच्या बाबतीत त्या घरचे नियम कडक होते. पूर्वी एका मेंढीला ती 'नगर' म्हणायची. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा मायाने मेंढीचंही नाव बदलायला घेतलं, आणि सिद्धू उखडला. अहिल्यादेवींचं नाव मेंढराला? त्याने जेवण बाजूला सारलं म्हणे. मग तिने शिर्डी म्हणून पाहिलं, शनिशिंगणापूर म्हणून पाहिलं, कळसूबाई म्हणून पाहिलं. सिद्धू म्हणाला, "त्या जिल्ह्यात देवाबिगर काय हाय का न्हाई गं?" जुनं नाव ठेवावं तर पेपरात चूक होईल. शेवटी ती मेंढी तशीच राहिली. कपाळावर तांबडा ठिपका असलेली ती एकटीच बिननावाची. तिला बोलवायचं झालं तर माया नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज काढायची.

मैदानी चाचणी झाली. माया त्यात चांगल्या गुणांनी पास झाली आणि लेखीची तारीख आली. त्याच सुमारास सिद्धूचे गुडघे धरले. उठताना तो काठीला दोन्ही हातांनी धरायचा. त्याने सुलाबाईला सांगून टाकलं होतं की हा हंगाम शेवटचा, उन्हाळ्यात मेंढरं विकायची. मायाचं झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या साली तिघांनी ऊसतोडीच्या टोळीत नाव घालायचं. माया हे मला सांगताना नख घासत नव्हती. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

मग उसात बिबट्या आला.

आधी पलीकडच्या मळ्यात कुत्रं नाहीसं झालं. मग पाटाच्या कडेच्या चिखलात ठसे दिसले. वनखात्याची माणसं आली, ठसे मोजले, एकट्याने फिरू नका म्हणाली आणि गेली. आम्ही पाच वाजताच दारं लावायला लागलो. मी परसात वाळलेले कपडे काढायला जाताना आधी तारेपर्यंतचं रान बघून घ्यायची.

त्या संध्याकाळी उजेड होता अजून. मेंढरं पाटावर पाणी पीत होती. माया कडेला उभी होती, हाताच्या अंतरावर ऊस. ती सांगते की आवाज झालाच नाही. आधी सगळ्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या, आणि मग फडातून काहीतरी पिवळं लांब बाहेर येऊन परत गेलं. परत जाताना त्याच्या तोंडात मेंढी होती. तिचे मागचे पाय उसाच्या वाळल्या पाल्यावर, पाचटावर, झाडल्याचा खसखसाट थोडा वेळ येत राहिला, आणि थांबला. कळपामागची कुत्री भुंकत होती पण आत शिरत नव्हती. सिद्धू लंगडत आला, त्याने डबा बडवला, आरडाओरडा केला. फडात कोण जाणार?

गेली ती चंद्रपूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी माया आली ती उंबऱ्याच्या आत येऊन बसली. मी चहा दिला, तो तसाच गार झाला. तिचं मन दुसरीकडे लागावं म्हणून मी सोपासा प्रश्न विचारला. ताडोबा कोणत्या जिल्ह्यात? विचारला आणि माझ्या लक्षात आलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

तिने मान वळवली. रानाकडे बघितलं. नजर फिरत राहिली, फिरत राहिली, कुठे थांबेना.

"बाई, न्हाई येत," ती म्हणाली. "ती गेली. तिच्यासंगं गेलं सगळं."

मी तिला उत्तर सांगितलं. तिने माझ्यामागून म्हटलं, पाच-सहा वेळा म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं तर ओठ हलले, आवाज आला नाही. ती म्हणाली की ते नाव कानावर पडलं की पाचटाचा आवाज येतो. मी म्हटलं, दुसऱ्या एखाद्या मेंढीला ते नाव दे. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. मेलेल्या मेंढीचं नाव त्यांच्यात दुसरीला लावत नाहीत. लावलं तर तीही जाते. पोरीने हे अगदी हळू सांगितलं.

त्यानंतर तिची भीती पसरत गेली. बिबट्या पुन्हा आला नाही, पण ती आता प्रत्येक मेंढीकडे जाणारी म्हणून बघायची. रात्रीत गडचिरोली गेली तर? वाशीम गेली तर? सकाळी वाघर उघडताना ती आधी तोंडं मोजायची आणि मगच श्वास घ्यायची. सिद्धूने कळप उसापासून लांब, माळाकडे हलवला. सुलाबाई मला म्हणाली, "बाई, पोरगी झोपत न्हाई वं. मेंढरातच बसती." मी तिला धीर देत होते खरी, पण मलाही वाटायला लागलं होतं की हॉलचं दार लागलं की या वेळीही तेच होणार.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर सांगलीला गेले. एकटी जायला ती तयार नव्हती, आणि सुलाबाईला कळप सोडता येत नव्हता. फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभ्या होतो. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून मेंढरं आली. पुढे सुलाबाई, मागे सिद्धू, काठीवर भार टाकत. माळावरून फाटा काही जवळ नाही. सिद्धूने कळप आमच्यासमोरून हळूहळू नेला, एक-दोन, एक-दोन मेंढी अशी ओळ धरून, म्हणजे मायाला प्रत्येकीचं तोंड दिसावं. गाड्या थांबल्या, एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, सिद्धूने लक्ष दिलं नाही. माया ओठ हलवत होती. शेवटी ठिपक्याची बिननावाची आली, तिने मायाच्या हाताचा वास घेतला आणि पुढे गेली.

"समदी हायती," सिद्धू म्हणाला. "आता जा."

एक नव्हती. ते तिघांनाही माहीत होतं. मलाही.

सांगलीत केंद्राच्या फाटकापर्यंत मला जाता आलं. माया आत जाताना एकदाच मागे वळली. मी समोरच्या रसवंतीच्या बाकावर बसले. सकाळची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. रस्त्यावर उसाची मोळी पडली होती. ती बघून माझंच मन घाबरं झालं, आणि मी बाक बदलून पाठ करून बसले.

आत काय झालं ते तिने मला परतीच्या एसटीत सांगितलं. गणितं झाली, मराठी झालं. सामान्य ज्ञानाचं पान उलटलं, आणि त्यात प्रश्न होता की तेलंगणाच्या सीमेला न लागणारा जिल्हा कोणता. पर्यायांत गडचिरोली, चंद्रपूर, नांदेड, वाशीम. चंद्रपूर वाचलं आणि पाचट वाजलं. पेन खाली पडलं, ते पर्यवेक्षिकेने उचलून दिलं. पुढचं अक्षर दिसेना. तिने डोळे मिटले तर कळपाऐवजी नुसता ऊस. मागच्या भरतीसारखंच झालं. बाहेर पळून जावं असं वाटलं, पण दार लावलेलं होतं.

किती वेळ गेला तिला माहीत नाही. मग तिने तो प्रश्न सोडून खालचा वाचला. कळसूबाई शिखर कोणत्या जिल्ह्यात आहे? सवयीने ती मेंढी शोधायला गेली. नाव येईना, कारण त्या मेंढीला नावच नव्हतं. आला तो बाप, ताट सारणारा, 'देवाबिगर काय हाय का न्हाई गं' म्हणणारा. उत्तर समोर होतं. तिने गोल काळा केला.

आणि मग तिच्या लक्षात आलं की अहिल्यानगर हे नाव तिने कधीच कुठल्या मेंढीला हाक मारून पाठ केलं नव्हतं. तरी ते होतं. तिचं तिच्यापाशी होतं.

"मग मी वर गेले, बाई," ती म्हणाली. "त्या चंद्रपूरच्या प्रश्नाकडं. पाचट वाजत हुतं, वाजू दे म्हटलं. वाशीमला गोल केला."

"भीती गेली?" मी विचारलं.

"न्हाई वं. भीती हुतीच. पण भीतीतबी येतंय, एवढं कळलं."

एवढं बोलून ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. आष्टा आलं तेव्हा तिला हलवून उठवावं लागलं.

निवड यादी लागली तेव्हा कळप जतकडे परतला होता. फोन सुलाबाईने केला. तिला नीट सांगता येईना, मग फोन सिद्धूने घेतला. तो म्हणाला, "बाई, माया लागली." वर म्हणाला की एक तरी गोष्ट पोरगी बिन मेंढराची शिकली ती नावाच्या त्याच्या हट्टामुळं, हे मी लक्षात ठेवावं. मी म्हटलं, ठेवीन.

उन्हाळ्यात त्याने कळप विकला. ठिपक्याची तेवढी ठेवून घेतली. ती त्यांच्या दारात लिंबाखाली बांधलेली असते, आणि अजूनही तिला नाव नाही.

माया प्रशिक्षण पुरं करून आता सांगलीत वाहतूक शाखेत आहे. विश्रामबागेत एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. सुट्टी मिळाली की मला भेटायला आष्ट्याला येते, आणि वाटेत ऊस लागला की एसटीची खिडकी लावून घेते.