श्राद्धाच्या पानावरचं चीज

गेल्या वर्षभरात ह्यांनी एकदाही पोटभर जेवण केलं नव्हतं. आजार काही नव्हता. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल आहेत, जरा खायला घाला. जसं काही मी ह्यांना उपाशी ठेवत होते! ताटावर बसायचे, वाटीभर भात कालवायचे, चार घास कसेबसे गिळून उठायचे. आग्रह केला की म्हणायचे, "झालं माझं." शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. मुलगा तर गेलाच होता, आता नवराही डोळ्यांदेखत झिजत होता, आणि त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं.

कारण दहाव्याच्या दिवसाचं होतं. आमचा मुलगा ठाण्यात, कोलशेतच्या बाजूला, एका इटालियन हॉटेलात शेफ होता. डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत तो गेला. अठ्ठावीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. बापानं मुलाचं करू नये म्हणतात, पण करायला दुसरं होतं कोण? ह्यांनीच केलं. दहाव्याला कल्याणच्या खाडीकाठी, घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर रांगेनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. माझ्या थोरल्या दिरांनी हात जोडून सांगून पाहिलं, "आईबाबांची काळजी करू नकोस रे, आम्ही आहोत." तरी नाही. मग कुणीतरी म्हणालं, त्याच्या आवडीचं काहीतरी ठेवा.

आवडीचं काय, असं सगळे आमच्याकडे बघायला लागले. हे म्हणाले, "चीज." कारण पोरगा घरी बोलायचा ते चीजबद्दलच. इटलीतलं ते कडक चीज, गाडीच्या चाकाएवढं, वर्ष-दोन वर्षं फळीवर पिकवलेलं. त्याच्यावर बोटाच्या पेरानं वाजवून आतलं कसं आहे ते ओळखतात, हे तो आम्हाला जेवणाच्या टेबलावर ठोकून दाखवायचा. आम्ही हो हो म्हणायचो. दीर बिचारे धावत गेले आणि जवळच्या डेअरीतून सँडविचमध्ये घालतात तसला पिवळा स्लाइस घेऊन आले. चीज म्हणजे चीज, एवढंच आम्हाला कळत होतं. गडबडीत त्याचं प्लास्टिकही काढायचं राहिलं होतं, ते मी काढलं. कावळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. शास्त्रात सगळ्याची सोय असते.

परत येताना रिक्षात हे एवढंच म्हणाले, "पोरगं उपाशी गेलं गं."

त्या दिवसापासून ह्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. मी समजावलं, चिडले, भांडलेसुद्धा. "अहो, घाटावर रोज इतके पिंड असतात, पोटं भरलेली असतील मेल्यांची," असंही सांगून झालं. "असेल," म्हणायचे आणि उठायचे. मी स्वतः कावळ्याबिवळ्याला मानणारी नाही. जन्म टेलिफोनच्या ऑफिसात गेला, जे ऐकू येतं त्यावरच माझा विश्वास. पण मी मानत नाही म्हणून ह्यांच्या पोटात अन्न जाणार नव्हतं. म्हटलं, वर्षश्राद्धाला त्याच्या पानावर खरं चीज वाढायचं, अस्सल, उत्तम प्रतीचं. मग तरी ह्यांचं मन निवेल.

डोंबिवलीत सगळीकडे विचारून झालं. एकानं डब्यातली पावडर पुढे केली आणि "आंटी, पार्मेजान हेच" म्हणून शपथ घेतली. दुसरा पिझ्झावर घालायचं मऊ चीज द्यायला निघाला. शेवटी माजिवड्याला परदेशी जिनसांचं एक मोठं दुकान आहे असं कळलं, तेव्हा गाडी ठरवली आणि मोठागावच्या पुलावरून एकटीच गेले. ह्यांना सांगितलं नाही. नाही मिळालं तर आणखी एक निराशा कशाला?

चीजच्या काउंटरवर एक मुलगी होती, पांढरी टोपी घातलेली, चटपटीत. इटालियन हार्ड चीज म्हटल्यावर तिनं दोन मोठे तुकडे काढून लाकडी पाटावर ठेवले. "श्राद्धाला हवंय, व्हेजच पाहिजे," मी बजावलं. काही चिजांत वासराच्या पोटातलं विरजण घालतात हे पोरानंच मागे सांगितलं होतं. तिनं दोन्ही पाकिटांवरचा हिरवा ठिपका दाखवला. मग एकाचा चुरा सुरीच्या टोकावर घेऊन म्हणाली, "टेस्ट करा काकू. दोघांत खूप फरक आहे."

आता आली का पंचाईत! श्राद्धाचं अन्न आधी चाखायचं नसतं. त्या दिवशी मी आमटीचं मीठसुद्धा अंदाजानं घालते. आपण चाखलं की उष्टं झालं. मी तिला तसं सांगितलं.

"मग मी खाऊन सांगू?"

"तू खाल्लंस तरी ते उष्टंच ना गं."

तिनं क्षणभर विचार केला. "पण काकू, अजून ते तुमचं कुठाय? दुकानाचंच आहे. बिल झाल्यावर तुमचं होणार."

एवढी वर्षं मी सोवळं-ओवळं बघतेय, पण हा मुद्दा कुठल्या शास्त्रीबुवांनी काढला नसेल. मी म्हटलं, खा. तिनं पहिला कण तोंडात टाकला, डोळे मिटले, सावकाश चावला. पाणी प्यायली. मग दुसरा. "हा पहिला नका घेऊ, नुसता खारट आहे. हा घ्या. आधी खारट लागतो, मग गोडसर, आणि मागून सुक्या खोबऱ्यासारखं काहीतरी येतं." आत पांढरे ठिपके दिसत होते. मी बोट दाखवल्यावर म्हणाली, "बुरशी नाही ती. नीट पिकलंय त्याची खूण आहे. आणि किसू नका हां, सुरीचं टोक खुपसून तोडा." मग तुकडा कागदात गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, "आजोबांचं श्राद्ध आहे का? आजोबा चीज खायचे म्हणजे भारीच."

"मुलाचं आहे," मी म्हटलं. "तुझ्याहून थोडा मोठा होता. शेफ होता."

तिचे हात थांबले. मग तिनं गुंडाळलेला कागद पुन्हा सोडला, तुकड्याची कडेची जरा वाळलेली बाजू कापून टाकली आणि नव्या कागदात नीट बांधून दिला. गाडीत बसल्यावर मी ते पुडकं मांडीवर धरून खूप रडले. ड्रायव्हरनं गाणी बंद केली.

श्राद्धाच्या दिवशी सगळं साग्रसंगीत केलं. खीर, वडे, आमटी, भोपळ्याची भाजी, वरणभात. आणि चटणीशेजारी, ती म्हणाली तसे तोडलेले चीजचे खडे. हे पानाकडे बघत राहिले. "हे खरं?" एवढंच विचारलं. "खरं," मी म्हटलं. दीर वाकून म्हणाले, "अगं, ह्याला बुरशी लागलीय." "ती पिकल्याची खूण असते भावोजी," मी ठणकावलं. माझं हे ज्ञान दोनच दिवसांचं होतं, पण आवाज मास्तरणीचा लागला.

पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. आम्ही तिघं पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिलो. न मानणारी मी, मनातल्या मनात त्याला विनवत होते, की बाबा, तुझ्यासाठी नको, ह्यांच्यासाठी ये.

फार वेळ लागला नाही. एक कावळा आला, कठड्यावर तिरका चालत पानाशी गेला. सरळ चीजचा खडा चोचीत धरला. ह्यांनी माझा दंड घट्ट पकडला. आणि त्या कावळ्यानं तो खडा पानाबाहेर टाकला. दुसराही उचलून बाजूला सारला. मग वाट मोकळी झाल्यासारखा वरणभातात चोच घालून खायला लागला. आणखी दोन आले. वडे पळवले, भात फस्त केला. चीज तसंच सिमेंटवर पडून राहिलं.

संपलं सगळं, असं वाटलं. हे आता उरलेलं जेवणही सोडतील. दीर काहीतरी बोलणार होते, मी त्यांना खुणेनं गप्प केलं. ह्यांचे खांदे हलत होते. मी पुढे होऊन बघितलं तर डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि हे हसत होते.

"अगं, घरी आला की काय मागायचा तो?" म्हणाले. "दिवसभर त्या चीजच्या वासात उभा राहून यायचा, आणि बूट काढता काढता ओरडायचा, आई, वरणभात टाक."

खरंच होतं ते. रोजचं होतं, म्हणून दोघांच्याही ध्यानातून गेलं होतं.

"चीज त्याची नोकरी होती," हे म्हणाले. "जेवायला तो घरीच यायचा." आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून, "उपाशी नाही गेला गं."

खाली आलो. पानं मांडली. दिरांना वाढलं, ह्यांना वाढलं. हे खाली मान घालून जेवत होते. भात संपला. मी पातेलं उचलून आत निघाले, तेव्हा मागून हे म्हणाले, "भात वाढ."

वाढताना मला भात दिसेना. ह्यांनी बोटांनी त्याला आळं केलं आणि वरणासाठी थांबले.