दुःख विचारायला आलेली माणसं

आमच्या गावात कोणी गेलं की लोक त्या घरी दुःख विचारायला जातात. ही इथली तमिळ रीत. आपल्या मराठी घराण्याने पिढ्यांमागे इथे कावेरीकाठी येऊन तीही उचलली. तिचे नियम पक्के आहेत. निघताना ‘येते’ म्हणायचं नाही, गप्प उठून चालू लागायचं. उठताना काय बोलायचं नाही हे सगळ्यांना पाठ आहे. बसल्यावर काय विचारायचं नाही, हे मात्र कोणी शिकलेलं नाही.

“आजी, हल्ली रोज सकाळी साडेआठला कुठे जातेस?” असं तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून क्रमाने लिहिते.

आपल्या समोरच्या घरात तिघं राहायची: नवरा, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. नवरा स्वामीमलैला मूर्ती ओतण्याच्या कामावर होता. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, कावेरीला नवं पाणी आलं, त्या सकाळी तो मुलीला घेऊन घाटावर आंघोळीला गेला. शर्ट काढून तिच्या हातात दिला, तिला पायरीवर बसवलं, पाण्यात उतरला आणि वर आला नाही. कोणीतरी मुलीला उचलून घरी आणलं, तेव्हाही शर्ट तिच्या हातातच होता.

मग रीघ लागली. आई भिंतीला टेकून बसलेली, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. म्हणून सगळे ‘कण्णू, कण्णू’ असं लाडाने म्हणत मुलीकडे वळायचे.

“तू तिथेच होतीस ना, कण्णू? अप्पाने हाक मारली का?”

“हात वर केला होता का गं त्याने?”

“तू ओरडली का नाहीस?”

हा शेवटचा प्रश्न एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा. पहिले काही दिवस मुलगी सांगत राहिली. पुढे पुढे ती पाठ केलेल्या धड्यासारखं म्हणू लागली, आणि ऐकणाऱ्या बाया एकमेकींना म्हणायच्या, “बघितलंस, डोळ्यांत टिपूस नाही.” टिपूस काढायला आल्या होत्या, ते मिळालं नाही. मग एक दिवस मुलीने बोलणंच टाकलं. शाळेचा रस्ता घाटावरून जातो, तेव्हा शाळाही सुटली.

मुलीचा काका तिरुच्चीला असतो. तो येऊन ओट्यावर बसला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “नवरात्राच्या सुट्टीनंतर शाळेत गेली नाही, तर मी तिला आमच्याकडच्या वसतिगृहात घालणार. शिस्त लागली की पोरं विसरतात.” आईने तोंडाला पदर लावला. नवरा नदीने नेला होता, मुलगी दीर नेणार होता, आणि गल्लीत सगळे त्याला जबाबदार माणूस म्हणत होते.

मग मोठ्या शहरातून, दुःखातल्या मुलांना सावरायला म्हणून, एका बाईंची गाडी आली. लग्नाच्या हॉलमध्ये फलक लागला, गल्लीतली सगळी मुलं गोळा केली. कागदावर हसरे, रडके, रागीट चेहरे छापलेले. आपला चेहरा ओळखा म्हणे. समोरच्या मुलीला रंग देऊन सांगितलं, “तुला कशाची भीती वाटते ते काढ, बेटा.” तिने कागदाला चारी बाजूंनी रेघ मारली आणि परत दिला. त्या बाईंना त्यात फार मोठा अर्थ सापडला. त्यांनी त्याचा फोटो घेतला. मग सगळ्यांचा एक फोटो, लाडू, आणि गाडी जेवणाच्या वेळेआधी परत. पुन्हा कधी येणार, असं मी इंग्रजीत विचारलं. “आम्ही अहवाल पाठवू,” त्या म्हणाल्या. म्हणजे मुलीने अहवाल धरून झोपायचं.

त्यानंतर तिरुविडैमरुदूरहून बसने एक बाई यायला लागली. पूर्वी बालवाडीत शिकवायची. एका संस्थेने तिला दुःखातल्या माणसांना सावरण्याचं काम शिकवून घरोघरी पाठवलं होतं. कापडी पिशवी, रबरी चपला. आठवड्यातून दोनदा यायची आणि मुलीच्या आईशेजारी बसून शेवग्याचा पाला निवडायची. एकदा आईला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, गोळ्या आणल्या, आल्यावर पुन्हा पाला. मला राहवलं नाही.

“पाला निवडायला शिक्षण लागतं का?”

“गप्प बसून निवडायला लागतं, अम्मा,” ती म्हणाली. “तुम्ही या एक दिवस.”

मी गेले नाही. पण पुढच्या खेपेला तीच आपल्या ओट्यावर आली. “अम्मा, तुमचा ओटा त्या दाराच्या बरोब्बर समोर आहे. आणि जीभही आहे तुम्हाला. दुःख विचारायला येईल त्याला इथेच अडवा. काय झालं ते तुम्हीच सांगा, दोन वाक्यांत. पोरीपर्यंत प्रश्न पोचता कामा नये.”

हे काम मला आवडलं. माणसांना अडवण्याची माझी हौस जुनीच आहे. मी आखीव कागदावर सुवाच्य अक्षरात हकीकत लिहिली. दोन वाक्यं मला अपुरी वाटली, म्हणून सहा केली. त्यात एक होतं: ‘मुलगी त्याचा निळा शर्ट घेऊन पायरीवर बसली होती.’ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि खुर्ची टाकून बसले. येईल त्याला वाचून दाखवायचे, एक पेला कॉफी द्यायचे आणि वाटेला लावायचे.

एक बाई तरीही म्हणाली, “पण पोरीच्या तोंडून ऐकलं असतं तर—”

“पोरीचं तोंड जेवायला आहे,” मी म्हटलं.

महिनाभरात माणसं आटली. मुलगी दाराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन बसू लागली. मला वाटलं, हे माझंच कर्तृत्व.

सुट्टीच्या आधी काका आला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या पाहून मला त्याची जिरवायची इच्छा झाली. मी समोर गेले आणि मुलीला म्हटलं, “कण्णू, काकांना सांग बघू, त्या दिवशी काय झालं. तू किती धीट झालीस ते कळू दे त्यांना.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती तिथेच ओकली, आणि आत जाऊन खाटेखाली शिरली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

“शिक्षिका होतात ना तुम्ही?” काका मला म्हणाला. या माणसाबद्दल मी वर जे लिहिलं त्यातला एकही शब्द मागे घेत नाही, पण त्या दिवशी त्याचं बरोबर होतं.

बालवाडीची बाई दुसऱ्या दिवशी आली. ओरडली नाही. चप्पल काढता काढता म्हणाली, “काय अम्मा, तुम्हीही दुःख विचारून आलात?”

मी खुर्ची आत नेली. इतकी वर्षं मी जगाला शहाणपण शिकवलं. मुख्याध्यापिकेच्या आणि माझ्या प्रश्नात फरक एवढाच, की माझ्या प्रश्नाला प्लास्टिकची पिशवी होती.

पुढे जे झालं ते त्या बाईचं, माझं नव्हे. तिने घाट टाळून शाळेचा दुसरा रस्ता शोधला. मेलकावेरी वस्तीच्या मागच्या गल्ल्यांतून, लांबचा. त्याचे तिने तुकडे पाडले. दारापासून कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत एक माणूस, तिथून कॉफी दळणाऱ्याच्या दुकानापर्यंत फुलवाली, तिथून शाळेच्या फाटकापर्यंत दळणाऱ्याची बायको. सगळ्यांना एकच सूचना: बरोबर चालायचं, विचारायचं काही नाही. पहिला तुकडा तिने मला दिला.

“मला?”

“तुम्हालाच सगळ्यात जास्त सरावाची गरज आहे, अम्मा.”

पहिल्या दिवशी मुलगी फुलवालीपर्यंत आली आणि परत फिरली. आठवडाभर तेच. मग दुकानापर्यंत. फुलवालीची मांजर व्यायली तेव्हा ती पिल्लं बघायला थांबायची. मी छत्री धरून उभी राहायचे आणि तोंड मिटून ठेवायचे. एवढं गप्प मी तुमच्या आजोबांबरोबरच्या सबंध संसारात राहिले नव्हते.

सुट्टी संपली आणि ठरल्याप्रमाणे काका पत्र्याची नवी पेटी घेऊन आला. मी आपल्या ओट्यावर होते, हललेही नाही. मुलीची आई दारात आली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

“ती शाळेत गेली आहे,” ती म्हणाली. “पेटी घेऊन जा, भाऊजी. की कॉफी घेता आधी?”

तो कॉफी प्यायला. पेटी बसच्या टपावर गेली.

तर साडेआठला मी तिथे जाते. त्या वेळी फोन करू नका. मुलगी मला पाटी, म्हणजे आजी, म्हणते; काल फुलवालीच्या अलीकडे ती एकदम म्हणाली, “पाटी, तुमच्या कागदात चूक आहे.”

“कुठली?” असं तोंडाशी आलेलं मी गिळलं.

“शर्ट निळा नव्हता,” ती म्हणाली, आणि मांजरीकडे पळाली.

घरी येऊन मी तो कागद चुलीत घातला. शर्ट कोणत्या रंगाचा होता, ते मला अजून माहीत नाही.