नटावरची लाल खूण

पप्पा टूल किट भरायला बसले की घरातला फॅन बंद. पंक्चरचे पॅच उडतात म्हणे. हॉलच्या मधोमध जुनी चादर, तिच्यावर पाने, पक्कड, टायर काढायच्या पट्ट्या, क्लचची जादा केबल, तारेचं वेटोळं, साबणाचा तुकडा. साबण कशाला, असं एकदा मी विचारलं होतं. पेट्रोलची टाकी रस्त्यात गळायला लागली तर भोकावर साबण घासायचा, पुढच्या गावापर्यंत पोचता येतं. आम्ही दोघी, मी आणि मम्मी, घामाघूम होऊन भिंतीला चिकटून ये-जा करायचो. चादरीवर पाय पडला की बोंब.

पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते मोटरसायकलने नागपूरला, दीक्षाभूमीवर जातात. बदलापूरहून नागपूर म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. जग ट्रेनने जातं, बसने जातं. आमच्या माणसाला दोन चाकांवरच जायचं असतं. छप्पन साली आजोबा तिथे गर्दीत उभे होते, हे आमच्याकडे इतक्या वेळा सांगून झालंय की मला वाटतं मीच तिथे उभी होते. आधी कारखान्यातले दोन दोस्त सोबत असायचे. एक वारले, दुसऱ्यांचे गुडघे गेले. त्यामुळे या वर्षी पप्पा एकटेच निघणार होते.

हत्यारं ठेवायचं पुडकं मम्मीने शिवलेलं. कारखान्याच्या निळ्या पॅन्टचा एक पाय कापला, त्याला कप्पे घातले, गुंडाळून नाडीने बांधायचं. प्रत्येक हत्याराला आपला कप्पा, म्हणजे रस्त्यात खडखडत नाही. आणि अगदी कडेच्या बारक्या कप्प्यात लाल नेलपॉलिशची बाटली.

"मी जन्मात एकदा नखं रंगवली नाहीत," मम्मी म्हणायची, "आणि ह्यांच्या गाडीला दरवर्षी नवी बाटली. सवत आहे माझी, सवत!"

ती कारखान्यातली सवय. नट पूर्ण आवळून झाला की नटावरून बोल्टपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. रेघ मधेच तुटलेली दिसली तर नट ढिला झाला समजायचं. सलग असली तर काम झालेलं आहे आणि कुणीतरी त्याची जबाबदारी घेतलेली आहे. पप्पा सांगायचे, "खूण ओली असेल तर त्या नटाला हात लावायचा नाही. माणूस आत्ताच तिथून उठलाय. त्याला विचारल्याशिवाय पाना लावलास तर तू फिटर नाहीस, हमाल आहेस." मी तेव्हा शाळेत होते. बॅटरी धरून बसायचे आणि मागतील तो पाना द्यायचे. फिटर मी झाले नाहीच, पण हमाल शब्द डोक्यात बसला.

त्यांचा दुसरा नियम याहून कडक. रस्त्यात जे खोलावं लागेल ते आधी घरी खोलायचं, आणि फक्त पुडक्यातल्या हत्यारांनी. घरात दुसरा चांगला पाना असला तरी घ्यायचा नाही. निघायच्या आधी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मागचं चाक काढायचं, ट्यूब बाहेर काढून पंक्चर काढायचं आणि सगळं परत बसवायचं. जमलं तर किट भरलं असं म्हणायचं. नाहीतर ते नुसतं ओझं.

आता जे सांगायचंय ते सांगते. टाळून उपयोग नाही.

पप्पांचं डोकं साथ देईना. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. मांजर्लीच्या बाजारातून एकदा चिकू आणले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि परत जाऊन चिकू आणले. मम्मी म्हणाली, "म्हातारे झालात, अजून काय!" मग पावसाळ्यात नदीचं पाणी चढलं. आमच्याकडे पाणी आलं की गाड्या जिन्यावर चढवतात. पप्पांनी शेजाऱ्यांच्या मदतीने मोटरसायकल पहिल्या मजल्यावर नेली आणि संध्याकाळी मलाच दरडावलं, "गाडी वर कोणी आणली? विचारायची पद्धत आहे की नाही?"

आणि नंतर जांभूळ गावचा प्रकार. कोपऱ्यावर पेट्रोल भरायला गेलेला माणूस. मी ऑफिसात होते. त्यांच्या फोनवरून कुणीतरी अनोळखी माणूस बोलला, "मॅडम, तुमचे वडील इथे जांभूळला पाण्याच्या प्लांटजवळ बसलेत. घर कुठे विचारलं तर अंबरनाथचं क्वार्टर सांगतायत." ते क्वार्टर आम्ही सोडलं तेव्हा मी फ्रॉक घालत होते. रिक्षाने पोचले तेव्हा ते गाडीला टेकून उभे होते. मला बघून म्हणाले, "हवा खायला आलो होतो. तू कशाला आलीस?" मला इतका राग आला, इतका राग आला, की मी रस्त्यातच रडले.

डॉक्टरने तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं, हे वाढत जाणार, गाडी बंद करा. पप्पांनी समोर शहाण्या मुलासारखी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्याला विचार, त्याची गाडी कोण रिपेअर करतं."

घरात रोज कटकट सुरू झाली. मी म्हणायचे, ट्रेनने जाऊ, मी येते सोबत. ते म्हणायचे, तू जा, तुला कोणी अडवलंय? मी तोंडाची फटकळ, त्यांच्यावरच गेलेय. एक दिवस बोलून गेले, "पप्पा, तुम्हाला नाशिकच्या पुढे आपण कुठे चाललोय ते तरी आठवेल का?"

मम्मीच्या हातातलं लाटणं तसंच थांबलं. पप्पा उठले, खुंटीवरची चावी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"आपला नियम माहितेय ना? पुडक्यातल्या हत्यारांनी चाक खोलून बसवतो. एकटा. तू फक्त पाना द्यायचा, तोंड उघडायचं नाही. जमलं तर चावी माझी, मी नागपूरला जाणार आणि तू परत एक शब्द बोलायचा नाही. नाही जमलं तर चावी तुझी. कायमची."

"मंजूर," मी म्हटलं. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन उल्हासनगरला, कॅम्प एकला गेले. रिक्षाने, कारण चावी टेबलावर होती आणि पप्पा शब्दाचे पक्के. पॅच आणि सोल्युशनची ट्यूब घेतली. मग नेहमीच्या सिंधी काकांच्या कटलरीच्या दुकानात नेलपॉलिश. काका म्हणाले, "आओ साईं, गाडी की मेहंदी का टाइम हो गया?" पप्पा खो खो हसले. चार शेड बोटावर लावून बघितले. "हा लवकर सुकतो. नको. मला जरा वेळ ओला राहणारा दे." मी बाजूला उभी राहून बघत होते. हा माणूस आजारी आहे? कुठून?

परीक्षा रविवारी सकाळी झाली. ऑक्टोबरचं ऊन पार्किंगच्या पत्र्यावर तापत होतं. पप्पांनी जुना शर्ट घातला, पेपर पसरला, पुडकं सोडलं. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले. गाडी स्टँडवर.

"चोवीसचा," ते म्हणाले. मी पाना दिला.

हात काय चालत होते! ब्रेकचा नट, चेन ढिली करायचे बोल्ट, मग एक्सलचा मोठा नट. एकेक सुटा भाग पेपरवर ओळीने, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने, तोंड डावीकडे. चाक बाहेर आलं. पट्ट्या लावून टायर संत्रं सोलतात तसा सोलला. ट्यूबला आपल्याच हाताने खिळा टोचला, बादलीत बुडवून बुडबुडे बघितले, घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारत थांबले. थांबणं सगळ्यात अवघड, आम्ही सगळे तिथेच घाई करतो. मग पॅच. मग पंपाने हवा. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन टपकत होता, पण एकदाही "पुढे काय" असा चेहरा झाला नाही.

मी चूक शोधत बसले होते. आणि मधेच कधीतरी माझी बाजू बदलली. चाक परत आत सरकवताना ब्रेकची पट्टी खाचेत बसेना, तेव्हा माझ्याच तोंडून "बसू दे रे बाबा" निघालं. ते बसलं. त्यांनी एक्सल घातला, नट आवळला, पान्यावर शेवटचा जोर दिला आणि नेलपॉलिशची बाटली उघडली. नटावरून बोल्टपर्यंत एक सरळ लाल रेघ. हात हलला नाही.

"बघ," ते म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच. लहान मुलीसारख्या. मनात म्हटलं, चुलीत गेला तो डॉक्टर. मी चावी त्यांच्या हातावर ठेवली, त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून थोपटली. मग हत्यारं पुसून एकेक कप्प्यात घातली, पुडकं गुंडाळलं, नाडीची गाठ मारली.

एवढ्यात मम्मी चहा घेऊन खाली आली. काय झालं ते माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. "जमलं ना? आता सवतीला घेऊन जा नागपूरला," ती म्हणाली, पण हसत होती. पप्पांनी बशीत ओतून चहा प्यायला, मिशी पुसली. समोरच्या बिल्डिंगचे कुणी जाता जाता "जय भीम काका" म्हणाले, त्यांना हात जोडले. कप मम्मीकडे दिला.

मग ते गाडीसमोर बसले, पुडक्याची नाडी सोडली आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"चल, ऊन वाढायच्या आत सुरू करू. चोवीसचा दे."

मम्मीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मला वाटलं, मस्करी करतायत. देवाशप्पथ, मी वाट बघितली ते हसतील म्हणून. ते हात पुढे करून तसेच बसले होते.

तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं. मी पाना दिला.

त्यांनी वाकून पाना नटाजवळ नेला आणि थांबले. पाना खाली ठेवला. एक बोट रेघेवर टेकवलं. रंग बोटाला लागला. ते त्या बोटाकडे बघत राहिले. मग दुसऱ्या हाताची बोटं बघितली, सोल्युशनने चिकट झालेली, नखांत काळं. मग शर्टाचा ओला खिसा चाचपला. चावी हाताला लागली.

"ही खूण माझी आहे," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"हो, पप्पा."

"चहा झाला?"

"झाला."

त्यांनी पाना पुसला, स्वच्छ होता तरी पुसला, आणि त्याच्या कप्प्यात घातला. मम्मी रिकामे कप घेऊन तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. मला ओरडावंसं वाटत होतं की काम तर पूर्ण झालंय, एकही चूक नाही, तुम्ही जिंकलात.

पप्पांनी खिशातून चावी काढली, माझा हात धरून तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं वरून मिटवली. माझ्या बोटांना लाल रंग लागला.

"रेल्वेचं बघ. तू सोबत ये," ते म्हणाले. "आणि ऐक पोरी. उद्या मी चावी मागेन. भांडीन. काहीबाही बोलेन तुला. तरी द्यायची नाही."

"नाही देणार."

"मी रडलो तरी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर पप्पा दारात, खांद्याला पुडकं अडकवून, शूज घालून तयार. खुंटी रिकामी होती. "माझी चावी कुठाय?" मी म्हटलं, नाहीये. त्यांनी आवाज चढवला, मला चोर म्हणाले, मम्मीला माझ्या बाजूची म्हणाले, शेजारी दार उघडून बघायला लागले. त्यांच्या नखाच्या कडेला लाल रंग अजून होता. मी पर्स पोटाशी धरून उभी राहिले. चावी आत होती, आणि मी दिली नाही.