बाकावरचे चार गैरहजर

भंडारा जिल्ह्यातल्या कचेऱ्यांमध्ये तोंडातला खर्रा आधी थुंकून मग बोलायची रीत जी काही थोडीफार आली असेल, ती माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने आणली. अकराव्या वर्षी त्यांना मोतीझऱ्याचा ताप आला आणि जाताना तो दोन्ही कान घेऊन गेला. तेव्हापासून भाऊ समोरच्याचे ओठ पाहून बोलणे समजून घेत. पण ज्या मुलखात गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरल्याशिवाय कारकुनाच्या हाताला फाईल लागत नाही, तिथे ओठ वाचणार कसे? भाऊ टेबलावर बोट ठोकत आणि म्हणत, "आधी थुका, मंग बोला." हे आपण अगदी हळू, कानात सांगितल्यासारखे सांगतो, असा त्यांचा समज होता. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसल्याने ते वाक्य पलीकडच्या दोन खोल्यांत पोचे. कारकून लाल होऊन उठे, खिडकीबाहेर थुंकून येई, आणि तोंड मोकळे झालेच आहे तर कामही करून टाकी. मिशांवरही त्यांचा राग होता. सिहोऱ्याच्या एका तलाठ्याला त्यांनी विचारले होते, "मिशीखाली काय बोलता, ते तुमच्या बायकोले तरी समजते काय?" पुढच्या आठवड्यात तलाठ्याची मिशी कातरलेली मी स्वतः पाहिली.

गुप्त गोष्ट भाऊंना सांगावी, पण त्यांच्याकडून ऐकू नये. एका नात्यातल्या लग्नात पंगतीला ते माझ्याशेजारी बसले होते. माझ्या कानाशी वाकून, तोंडावर हात धरून, त्यांनी कुजबुज केली. "जवाईबापू, वरन पातळ आहे. आन नवरदेव मॅट्रिक पास नाही, यायनं खोटं सांगतलं." सबंध पंगतीचा घास थांबला. वाढणारा वरणाचे भांडे घेऊन जिथे होता तिथेच उभा राहिला. मुलाच्या बापाने सोयरेपणा तोडायची भाषा केली, पण मुलगा मॅट्रिक नाही हे खरेच निघाल्याने ती भाषा तिथेच राहिली. आमच्याकडे जावयाचा मान मोठा. त्यामुळे भाऊ माझा अपमानसुद्धा पाट मांडून, पाणी देऊन करीत. "बसा जवाईबापू, पानी घ्या. तुमी मास्तर आहा, पन तुमाले अक्कल कमी आहे," असे ते मनापासून म्हणत आणि वर पानाचा विडा पुढे करीत. ज्याचे ओठ वाचता येत नसत त्याच्यापुढे ते पिशवीतून पाटी काढून ठेवत आणि लिहायला लावत. लिहायला लागले की माणसे खोटे कमी बोलतात, असे त्यांचे मत होते. मास्तर म्हणून मी त्याला दुजोरा देऊ शकत नाही.

पण त्यांचे हात पाहावेत. सासऱ्यांच्या बोडीवर, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावर, पाणी ओढायचे ऑइल इंजिन होते. भाऊंनी एकदा त्यावर तळवा ठेवला, मग कोपर टेकवले, डोळे मिटले आणि सांगितले, "बेअरिंग गेलं. दोन दिवस काढन." कान शाबूत असलेल्या आम्हा सगळ्यांना इंजिन ठणठणीत वाटत होते. तिसऱ्या दिवशी इंजिन बसले आणि धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपे, पाण्यावाचून राहिले, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ इंजिनवर न रागावता भाऊंवरच रागावले. आयटीआयचा फिटरचा कोर्स भाऊंनी शिकवणाऱ्याच्या हातांकडे पाहून पुरा केला आणि वर्गात पहिले आले. आणि इथून पुढे मला हसत लिहिता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारण पहिला आलेला हा फिटर पुढची आठ वर्षे अर्ज लिहीत बसला. अर्जाची पहिली ओळ ठरलेली असे. "मी पूर्ण बहिरा आहे. हे आधी वाचावे, म्हणजे शेवटी आपला वेळ वाया जाणार नाही." ती ओळ गाळा, निदान खाली न्या, म्हणून मी हात जोडले, बायको रडली, सासरे जेवले नाहीत. "लपवाले मी काय चोरी केली?" एवढेच त्यांचे उत्तर. बहुतेक अर्जांना उत्तर येत नसे. एका ठिकाणी बोलावले, हातात कानस दिली, आणि दिलेला तुकडा भाऊंनी सर्वांच्या आधी घासून बसवून दाखवला. मग डॉक्टर त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि हळू आवाजात आकडे म्हणू लागला. भाऊ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. डॉक्टरने नापास लिहिले. भाऊंनी त्याला विचारले, "माझ्या मांगून बोलनारं मशीन दाखवा मले." त्याने दाखवले नाही, कारण असे मशीन जगात कुठेच नाही.

घरी खायला कमी नव्हते. शेत होते, भात होता. पण धाकट्यांची लग्ने होऊन कारभार त्यांच्याकडे गेला होता, आणि भाऊंना बांधावर हाताने खुणावून कामे सांगितली जात. सोयरीक यायची आणि 'नोकरी?' या शब्दापाशी परत जायची. "भाताचं ताट कोनीबी देते जवाईबापू. मले काम पायजे," असे ते म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखरच खाली येई. आमच्याकडे भंडाऱ्याला राहायला आले की सकाळी नाक्यावर जाऊन उभे राहत. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या बसगाड्या डबे घेतलेल्या माणसांनी भरून जात, त्या सगळ्या जाईपर्यंत हलत नसत. मग घरी येऊन माझ्या बायकोवर चहा पांचट झाला म्हणून ओरडत. चहा पांचट नसे.

सन ऐंशीच्या आसपास एका सरकारी वर्कशॉपचे पत्र आले. फिटरची एक जागा, अपंगांसाठी राखीव, त्यातही फक्त बहिऱ्यांसाठी. पत्रातच तसे छापले होते. भाऊंनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावले आणि तिन्ही वेळा माझ्या ओठांकडे पाहत राहिले. त्यांचे कान म्हणून मी शाळेतून रजा काढून बरोबर गेलो. व्हरांड्यात एक लांब बाक होता. त्यावर आधीच तिघे बसले होते, लाखांदूरकडचा एक सुतार, पवनीचा एक वयस्क विणकर आणि मोहाडीचा एक शिकलेला तरुण. तिघेही बहिरे, तिघेही एकटेच आलेले. दहाची वेळ दिली होती, साडेबारा झाले तरी दार बंद. तेवढ्यात माझा एक जुना सोबती मास्तर तिथे भेटला आणि चहाला चल म्हणाला. मी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून पाच बोटे दाखवली. त्यांनी मान हलवली. टपरीवर आम्ही एका हेडमास्तराच्या बदलीबद्दल बोलत बसलो. त्या हेडमास्तराशी माझे काही देणेघेणे नव्हते. पाचाची तीस मिनिटे झाली.

परत आलो तो बाकावर चौघे तसेच, गुडघ्यांवर कागद धरून, ताठ बसलेले, आणि शिपाई खोलीचे दार लावून घेत होता. मुलाखती कधी सुरू होणार, असे मी विचारले.

"झाल्या ना," शिपाई म्हणाला. "कोनी आलंच नाई. चारी गैरहजर. तीन-तीन डाव पुकारलं मी. गेटपर्यंत जाते माझा आवाज."

"मग ही बाकावर बसलेली चार माणसं कोण?"

त्याने वळून पाहिले. "हे? हे तं सकाळपासून बसून आहेत. मले वाटलं कोनाच्या संगं आले."

"अहो, जागा बहिऱ्यांची आहे. बहिऱ्यांना तुम्ही नावं पुकारलीत?"

"सायबानं पुकार म्हनलं, मी पुकारलं. बहिऱ्याले कसं पुकारतेत, हे कोनी सांगतलं नाई मले."

तो खोटे बोलत नव्हता. ती गोष्ट त्या इमारतीत कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. पत्र काढणाऱ्याच्या नाही, जागा राखून ठेवणाऱ्याच्या नाही, यादी करणाऱ्याच्या नाही. मी आत घुसलो. साहेब शांतपणे म्हणाले की नियमाप्रमाणे तीनदा पुकारा झाला आहे, रजिस्टरवर शेरा पडला आहे, आता काही करता येत नाही. मी आवाज चढवला. "तुम्ही उमेदवार आहात का?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. "मग बाहेर थांबा."

बाहेर येऊन मी भाऊंच्या पाटीवर लिहिले, 'नावे पुकारली. तुम्ही चौघे गैरहजर लागलात.' मी कुठे होतो ते मी लिहिले नाही. भाऊंनी पाटी दोनदा वाचली आणि मोहाडीच्या तरुणाकडे दिली, त्याने सुताराकडे. विणकराला वाचता येत नव्हते. तरुणाने त्याला आधी तोंडाकडे, मग कानाकडे बोट करून दाखवले आणि शेवटी दोन्ही हात रिकामे करून दाखवले. विणकर समजला. मग चौघे उठले आणि आत गेले. शिपायाने अडवायला हात पुढे केला आणि परत घेतला.

"सायेब," भाऊ म्हणाले, आणि आपण हळूच बोलतो आहोत या समजुतीने ते असे बोलले की बाहेरचे टाइपरायटर थांबले. "आमी बहिरे आहो म्हनून बलावलं. बहिरे आहो म्हनूनच गैरहजर. आता तुमीच सांगा, आमी हजर कसं राहाचं?"

साहेब मान खाली घालून काही बोलले.

"तोंड दिसू द्या. मंग बोला."

खिडक्यांतून कारकून पाहत होते. साहेबांनी तोंड वर केले आणि सांगितले, पुढच्या वेळी. भाऊंनी उघड्या रजिस्टरावर बोट ठेवले. "पुढच्या वेळी नाई. इथं लिवा, चौघं समोर उभे आहेत म्हनून." साहेबांनी रजिस्टर मिटले. चौघे तासभर तिथे उभे राहिले. जेवणाची सुट्टी होऊन साहेब उठून गेले, तरी उभे होते.

पुढची वेळ आली नाही. आले ते पत्र. योग्य उमेदवार न मिळाल्याने जागा सर्वांसाठी खुली केली आहे, असे त्यात होते. त्या जागेवर चांगले ऐकू येणारा माणूस लागला. वर्कशॉपच्या खडखडाटात तो त्या कानांचे काय करतो, देव जाणे.

भाऊंना शेवटी तुमसरकडच्या एका राईस मिलमध्ये काम मिळाले. मिल चालू असताना तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही, सगळे खुणांनीच बोलतात, म्हणून मालकाने घेतले. काम मिस्त्रीचे आणि हजेरी रोजमजुरात, शेवटपर्यंत. लग्न राहिले ते राहिलेच. मी वर्षातून दोनदा भेटायला जाई. भाऊ जगातल्या सगळ्यांवर संतापत, मालकावर, विजेवर, धान ओले आणणाऱ्यांवर, माझ्या धुतलेल्या धोतरावर. त्या अर्ध्या तासाबद्दल मात्र अक्षर काढत नसत. सात-आठ वर्षे मी वाट पाहिली. मग एका दुपारी, मिल बंद असताना, पायरीवर त्यांच्याशेजारी बसून मीच पाटी घेतली आणि लिहिले, 'त्या दिवशी मी चहाला गेलो नसतो तर.'

त्यांनी वाचले आणि मनगटाने पुसून टाकले. "मालूम आहे मले. मीच मान हलवली होती, जा म्हनून," ते म्हणाले. मग थोडा वेळ चिंधीने हात पुसत राहिले. "लई दिवस विचार केला जवाईबापू, तुमच्यावर रागवाव का नाई. मंग म्हनलं, तुमच्यावर राग काढला तं त्या कचेरीवाल्याइच्यासाठी उरन काय?"

मिल सुरू झाली तशी पायरी थरथरली. ते उठून आत गेले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो.